काचेखालची रांग

ज्या कुणी हे सॉफ्टवेअर लिहिलं, त्याने विनीत घागला फसवलं. हो, फसवलंच, उगाच गुळमुळीत शब्द कशाला वापरायचा? कुठल्या तरी थंड देशात, गुबगुबीत खुर्चीत बसून त्या इसमाने ठरवून टाकलं की भिंत म्हणजे सरळ उभी. जमिनीशी काटकोनात. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. निदान एकदा आमच्याकडे यायचं, टिटवाळ्याला उतरायचं आणि तिथल्या नव्या बिल्डिंगांना ओळंबा लावून बघायचा. एक भिंत काटकोनात सापडली असती तर त्याचं खरं. पण घरं काढायचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला घरं बघायला वेळ नसतो.

नौपाड्यातल्या ऑफिसात हेच सॉफ्टवेअर होतं, तेही सहा वर्षं जुनं, आणि त्यात भिंत तिरकी करायची सोयच नव्हती. हे विनीतला कळलं मंगळवारी. आणि सोमवारी तो सगळ्यांसमोर "होईल की सर" म्हणून बसला होता.

त्याचं असं झालं. आर्किटेक्ट सुधीर गुप्ते, म्हणजे विनीतचे सर, आठ दिवस परदेशात फिरून आले होते. लोक येताना चॉकलेटं आणतात; सरांनी मोबाइलमध्ये एका काचेच्या इमारतीचा फोटो आणला.

"ही बघा," सर म्हणाले. "काच वर जाता जाता आत झुकते. सत्तर अंश. आपल्या वर्तकनगरच्या अभ्यासिकेला पुढून अशीच काच द्यायची. मॉडेल शुक्रवारी कमिटीला दाखवायचंय."

"सर, पण आपल्या व्हर्जनमध्ये ना..." उर्वी बोलायला लागली. उर्वी तेवीस वर्षांची, कॉलेजातून नुकतीच आलेली, केसांत पेन्सिल खोचून फिरणारी.

"होईल की सर," विनीत म्हणाला.

विनीत अकरा वर्षं त्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला, पुढचं सगळं तो व्हिडिओ बघून, रिवाइंड करकरून शिकला. अशा माणसाला जगातलं काहीही जमतं, एक वाक्य सोडून: "मला हे येत नाही." डिग्रीवाला ते वाक्य ऐटीत म्हणतो, कारण मागे भिंतीवर त्याचं सर्टिफिकेट टांगलेलं असतं. विनीतच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. म्हणून तो "होईल की सर" म्हणायचा आणि मग ते होईपर्यंत स्वतःचं रक्त आटवायचा.

तीन दिवस त्याने त्या भिंतीशी कुस्ती केली. भिंत हलेना. एकदा तर त्याने भिंत सरळच ठेवली आणि बाकीची अख्खी इमारत वीस अंशांत मागे कलंडवली. भिंत तिरकी दिसली खरी, पण अभ्यासिका उताणी पडलेल्या रिक्षेसारखी दिसायला लागली. समोरच्या टेबलावर उर्वी बसली होती. तिला विचारलं असतं तर पाच मिनिटांत सुटलं असतं. ते त्यालाही ठाऊक होतं आणि म्हणूनच तो तिच्याकडे पाठ करून बसला होता.

गुरुवारी दुपारी त्याला एक व्हिडिओ सापडला. बोलणाऱ्याची भाषा कळत नव्हती, पण माऊस कुठे फिरतोय ते दिसत होतं. युक्ती सोपी होती. भिंत तिरकी होत नाही, पण छप्पर होतं. छपराने तिरकं असण्याला सॉफ्टवेअरची काही हरकत नव्हती. तेव्हा काचेचं छप्पर काढायचं आणि ते इतकं उभं करायचं की त्याची भिंत व्हावी. विनीतने तसं केलं. सॉफ्टवेअरला वाटलं छप्पर आहे, विनीतला माहीत होतं भिंत आहे, आणि काच मस्तपैकी सत्तर अंशांत झुकून उभी राहिली.

"भारी झालंय, विनीतदादा," उर्वी मागून म्हणाली.

"सोपं असतं गं," तो म्हणाला.

इथे गोष्ट संपली असती तर विनीत सुखाने जगला असता. पण शुक्रवारी कमिटी आली. कमिटी म्हणजे मुख्यतः सुमतीताई आठल्ये. चाळीस वर्षं शाळेत, त्यांतली बारा मुख्याध्यापिका. वर्तकनगरच्या वसाहतीत एवढ्याएवढ्याशा खोल्यांमध्ये पाच-पाच माणसं राहतात, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना पाय पसरायला जागा नाही, म्हणून त्यांनी सात वर्षं महापालिकेपासून मंत्रालयापर्यंत चपला झिजवून ही जागा मिळवली होती. त्यांनी झुकलेल्या काचेकडे एक नजर टाकली आणि सरळ प्लॅनवर बोट ठेवलं. त्या पुटपुटत खुर्च्या मोजू लागल्या.

"छत्तीस," त्या म्हणाल्या. "गुप्ते, अठ्ठेचाळीस ठरल्या होत्या. बाराच्या चार रांगा. इथे तीनच दिसतायत."

सरांनी विनीतकडे पाहिलं.

"ही बारा मुलं कुठे बसवायची?" सुमतीताईंनी विचारलं. "तुमच्या मांडीवर?"

"काहीतरी टायपिंग मिस्टेक असेल मॅडम," सर म्हणाले. "विनीत सोमवारी करेक्ट करून देईल. काय विनीत?"

"होईल की सर."

टायपिंगचा इथे काहीही संबंध नव्हता. प्लॅन म्हणजे काय, तर इमारत साधारण चार फुटांवर सुरीने आडवी कापायची, केकसारखी, वरचा भाग बाजूला ठेवायचा आणि वरून खाली बघायचं. सरळ भिंत कुठेही कापा, सारखीच दिसते. पण झुकलेली काच चार फुटांवर दीड फूट आत आलेली असते. ते दीड फूट चौथी रांग खाऊन टाकत होते. हिशोब बरोबर होता. प्लॅन खरं बोलत होता.

विनीतने शनिवारी काय केलं ते इथे स्पष्ट लिहायला हवं, कारण नंतर अनेकांनी त्याला वेगवेगळी सुंदर नावं दिली. त्याने चारचा आकडा खोडला आणि अर्धा लिहिला. सुरी चार फुटांवरून अर्ध्या फुटावर आणली. तिथे काच अजून आत आलेली नव्हती. एका आकड्यात खोली दीड फुटाने मोठी झाली. चौथी रांग पाठ काचेकडे आणि तोंड दाराकडे करून ऐसपैस बसली. बारा खुर्च्या, बारा टेबलं. अठ्ठेचाळीस.

त्याला माहीत नव्हतं का? माहीत होतं. नीट विचार केला असता तर कळलं असतं, म्हणून त्याने नीट विचार केला नाही.

उर्वीच्या लक्षात आलं. "दादा, प्लॅन अर्ध्या फुटावर कापलाय तू?"

"मुद्दाम कापलाय."

"पण मग उभं राहिल्यावर..."

"उर्वी, तुझं ते जिन्याचं ड्रॉइंग झालं का?"

उर्वीने केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली आणि जिन्याकडे वळली. त्या पोरीशी आपण असं बोललो याची विनीतला दिवसभर लाज वाटत राहिली. पण अठ्ठेचाळीस बघून सुमतीताई हसल्या, सुमतीताई हसल्या म्हणून सर हसले, आणि ड्रॉइंग साइटवर गेलं.

साइटवर भिवा होता. भिवा डोंबिवलीजवळच्या कोपर गावचा, ॲल्युमिनियम आणि काचेचं काम करणारा, आणि ड्रॉइंगमधला शब्दन् शब्द वाचणारा. असा माणूस हजारात एक सापडतो आणि तो नेमका नको तेव्हाच भेटतो. पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला.

"दादूस, यादीत दोन छपरां लिवलीत. येक वरचा. दुसरा छपार कनचा?"

"ती काच आहे. पुढची भिंत."

"भिंतीला छपार लिवलाय?"

"सॉफ्टवेअरमध्ये तसंच लिहितात."

"बरा," भिवा म्हणाला. पण पंधरा दिवसांनी, सांगाडा उभा राहिल्यावर, त्याने विनीतला बोलावून घेतलं. चौथ्या रांगेच्या जागी एक स्टूल ठेवून तो त्यावर बसला. मग उठला. पुढे वाकून उठला तोवर ठीक होतं. सरळ झाला आणि त्याच्या डोक्याचा मागचा भाग ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टणकन आपटला.

"बग," भिवा डोकं चोळत म्हणाला. "मानूस उबा कसा रेल?"

इथे, या क्षणी, अजून काच बसलेली नव्हती. फक्त सांगाडा होता. विनीतने एवढंच म्हणायचं होतं, "चुकलं रे, थांबव." तोंडापर्यंत आलंही होतं. पण मागे चार कामगार उभे होते, त्यांनी भिवाचं आपटणं पाहिलं होतं, आणि ते हसत होते. विनीतला वाटलं ते आपल्यालाच हसतायत.

"अभ्यासिका आहे भिवा," तो म्हणाला. "उभं कशाला राहायचंय? बसायला येणारेत पोरं."

भिवाने स्टूल उचलून बाजूला ठेवलं. "तू शिकलेला मानूस," तो म्हणाला आणि कामाला लागला. आयुष्यात पहिल्यांदा विनीतला कुणीतरी शिकलेला म्हटलं होतं आणि ते असं.

वाईट म्हणजे विनीतचं ते "उभं कशाला राहायचंय" भिवाने जसंच्या तसं सुमतीताईंना सांगितलं. सुमतीताईंना ते पसंत पडलं. दोन आठवड्यांनी विनीत साइटवर गेला तेव्हा दाराशी पाटी लागलेली होती: "येथे उभे राहण्यासाठी येऊ नये."

आता ऐश्वर्याबद्दल सांगायला हवं. ऐश्वर्या ही विनीतची बायको. वर्तकनगरातच त्यांची दोन खोल्यांची जागा; त्यात हे दोघं, मुलगा आणि मोठ्याने टीव्ही बघणारी सासू. लिपिकाच्या परीक्षेला बसायची वयाची मुदत पुढल्या वर्षी संपत होती, म्हणजे ऐश्वर्याचा हा शेवटचा प्रयत्न. अभ्यासिकेत नाव नोंदवणाऱ्यांत तिचा नंबर दुसरा. तिला चौथ्या रांगेतली खुर्ची मिळाली, खिडकीसारखा भरपूर उजेड येणारी. विनीतने तिला घरी एक अक्षर सांगितलं नव्हतं. उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळी सांगणार होता: बघ, ती काच मी काढली. वाक्य त्याने मनात दोन-तीनदा घोळवूनही ठेवलं होतं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी ऐश्वर्या घरी आली ती डोक्याच्या मागे हात धरून.

"हात लाव," ती म्हणाली. "लाव ना. केवढं टेंगूळ आलंय बघ."

विनीतने हात लावला. चांगलं लिंबाएवढं होतं.

"बसलं की छान वाटतं. उठलं की टण्! आज एकट्या माझ्या रांगेत नऊ टणटण झाले. कोणत्या गाढवाने काढलीय रे ती भिंत? तुमच्याच ऑफिसचं काम ना?"

"हो," विनीत म्हणाला.

"कोणी काढलं?"

"सरांनी."

शब्द बाहेर पडला तो पडलाच.

"स्वतः? गुप्त्यांनी?"

"हो ना. ते कुणाचं ऐकत नाहीत."

"तू नाही सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं की. किती वेळा सांगितलं."

ऐश्वर्याने त्याच्याकडे मायेने पाहिलं. "तुझं कोणी ऐकतच नाही तिथे," ती म्हणाली आणि टेंगळाला बर्फ लावायला आत गेली. ती ओरडली असती, भांडी आपटली असती तर बरं झालं असतं. ती मायेची नजर दुसऱ्या दिवशी भेंडीच्या भाजीबरोबर त्याच्या डब्यात आली आणि डबा तसाच घरी परत गेला.

मग पंधरा-वीस दिवसांनी त्याने तेच केलं जे लाजलेली माणसं करतात: गुपचूप दुरुस्ती. एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम त्याने आणला आणि सकाळी सात वाजता, अभ्यासिका उघडल्या उघडल्या, तो काचेच्या पट्टीला फोम चिकटवायला लागला. तीन फूट चिकटवून झाला आणि मागून आवाज आला.

"काय चाललंय?"

सुमतीताई. हातात किल्ल्या, पायात चालायचे बूट.

"मोजमाप घेतोय मॅडम."

"फोमने?"

विनीतने उरलेला फोम पाठीमागे धरला.

"काढा ते," सुमतीताई म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात आपटली पोरं. पालकांच्या दोन तक्रारीही आल्या, मी गुप्त्यांना पत्र पाठवलंय, नियमाप्रमाणे. पण आता बघा. दहा दिवस झाले, एकही आपटत नाही. शिकली. उलट त्या रांगेतलं कोणी उठतच नाही. बाकीच्या तीन रांगा चहाला पाच-पाच वेळा जातात, ही रांग एकदा बसली की जेवायलाच उठते. तुम्ही फोम लावून त्यांना परत बिघडवू नका."

विनीतने तीन फूट फोम सोलून काढला. डिंक हाताला लागला तो दोन दिवस निघाला नाही.

पत्राचं ऑफिसात वेगळंच झालं. सुमतीताईंचं पत्र वाचून सरांच्या कपाळावर घाम आला. ऑफिसात मराठी टाइप करता येणारा एकच माणूस होता.

"घे विनीत, लिही," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सदर काचेच्या भिंतीची कल्पना, कोन, आखणी व बैठकव्यवस्था ही सर्वस्वी आमचे ड्राफ्ट्समन..." ते थांबले. "श्री. विनीत घाग यांची असून, त्यात या कार्यालयाचा कोणताही सहभाग नाही."

विनीतची बोटं थांबली.

"तसं फॉर्मल असतं रे ते," सर म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस."

"सर, 'सर्वस्वी' एकच शब्द ना?"

"एकच."

त्याने टाइप केलं. वाचून पाहिलं. एके ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती सुधारली. प्रिंट काढून सरांची सही घेतली आणि पाकिटावर पत्ताही स्वतःच्याच हाताने घातला. समोर उर्वी बसली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. उठून तिने त्याच्यासाठी चहा आणून ठेवला. तेवीस वर्षांच्या पोरीने आणलेला तो चहा विनीतला त्या पत्रापेक्षा जड गेला.

दोन महिन्यांनी अभ्यासिका बघायला एक निवृत्त उपजिल्हाधिकारी आले. वसाहतीतल्या कुणाचे तरी व्याही. साधी भेट होती, पण विनीतच्या दुर्दैवाने ते दाराने आत आले तेव्हा सुमतीताईंनी शाळेतल्या सवयीने टाळी वाजवली आणि अठ्ठेचाळीस जण उभे राहिले.

तीन रांगा आपल्या नेहमीसारख्या उठल्या: कुणी मोबाइल सावरत, कुणी पँट वर ओढत. चौथी रांग मात्र कंबरेत वाकून उठली आणि वाकलेलीच राहिली. बारा माणसं, बारा टेबलं, बारा लवलेल्या माना. मागे काच आणि काचेतून येणारा सकाळचा उजेड.

निवृत्त उपजिल्हाधिकारी जागच्या जागी थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काय हो हे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बत्तीस वर्षं नोकरी केली. लोक उभे राहायचे, पण खुर्चीसाठी. ही पोरं... मला ओळखतसुद्धा नाहीत. आणि अशी वाकून... कोणी शिकवलं यांना?"

सुमतीताईंनी एक क्षण विचार केला. मुख्याध्यापिका होत्या त्या. श्रेय कुणाला द्यायचं यात त्या कधी चुकल्या नव्हत्या, आणि पुरावा त्यांच्या फायलीत होता, सहीशिक्क्यानिशी.

"आमच्या आर्किटेक्टांच्या ऑफिसातले श्री. विनीत घाग," त्या अभ्यासिकेच्या नियमाप्रमाणे पाहुण्यांच्या कानात म्हणाल्या. "सर्वस्वी त्यांची कल्पना."

झालं. पुढच्या रविवारी सत्कार ठरला. शाल, श्रीफळ आणि वरच्या मजल्याची घोषणा. निमंत्रण ऑफिसच्या पत्त्यावर आलं. विनीतने ते ड्रॉवरच्या तळाशी सरकवलं आणि घरी सांगितलं की रविवारी सरांचा सत्कार आहे, त्याला सोबत जावं लागणार. ऐश्वर्या म्हणाली, "अरे वा, मी तर तिथेच असते. मला बोलायचंच आहे तुझ्या सरांशी."

"नको गं. कशाला."

"तुला बोलता येत नाही, मला येतं."

रविवारी सुधीर गुप्ते लवकर आले, कारण वरच्या मजल्याचं काम आपल्यालाच मिळावं यासाठी त्यांना सगळ्यांना भेटायचं होतं. ते हसत हसत चौथ्या रांगेजवळून चालले होते, तेवढ्यात बसल्या जागेवरून ऐश्वर्याने त्यांना हाक मारली.

"सर. मी ऐश्वर्या. विनीतची मिसेस."

"अरे, वहिनी! अभिनंदन!"

"अभिनंदन कसलं? तुम्हाला लाज नाही वाटली?"

सरांचं हसू अर्ध्यावर राहिलं. "कसली?"

"विनीत तुम्हाला इतक्या वेळा सांगत होता की ही भिंत चुकतेय. तुम्ही ऐकलं नाहीत. माझ्या डोक्यावर पंधरा दिवस टेंगूळ होतं. इथे बाराच्या बारा जणांची डोकी फुटलीत. आणि आज तुम्ही शाल घ्यायला आलात?"

"वहिनी, मी? अहो, पण मी तर..."

इतक्यात माइकने कर्कश शिट्टी वाजवली आणि सुमतीताईंचा आवाज आला. विनीत पुढे, टेबलाजवळ, मान खाली घालून उभा होता. सुमतीताईंनी पत्र उघडलं आणि वर्गात वाचतात तसं खणखणीत वाचलं: "सदर काचेच्या भिंतीची कल्पना, कोन, आखणी व बैठकव्यवस्था ही सर्वस्वी आमचे ड्राफ्ट्समन श्री. विनीत घाग यांची असून, त्यात या कार्यालयाचा कोणताही सहभाग नाही." त्या थांबल्या. "बघा मंडळी. किती मोठ्या मनाने गुप्ते साहेबांनी आपल्या हाताखालच्या माणसाला श्रेय दिलंय!"

टाळ्या पडल्या. सर चौथ्या रांगेजवळ उभे राहून, दुसरं काहीच सुचत नसल्यामुळे, वाकून नमस्कार करत होते. विनीतने वर पाहिलं. ऐश्वर्या त्याच्याकडे बघत होती. तिचा हात हळूहळू डोक्याच्या मागे गेला, जिथे आता काही नव्हतं.

शाल खांद्यावर पडली. माइक हातात आला. आणि विनीत घागने आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं.

"मला येत नव्हतं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की सुमतीताईंनी माइक त्याच्या तोंडाला चिकटवला. "मला ही भिंत येत नव्हती. मी छप्पर काढलं. मग जागा कमी पडली, तर मी प्लॅन खालून कापला. म्हणजे... मी खोटा प्लॅन दिला. इथे तीनच रांगा बसतात. चौथी बसत नाही. भिवाने सांगितलं होतं, उर्वीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ही सगळी चूक आहे. माझी."

मग निवृत्त उपजिल्हाधिकारी उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. "हा विनय!" ते म्हणाले. "पोरं यांच्याकडूनच शिकली असणार!" मग सगळेच टाळ्या वाजवायला लागले. विनीतने हात हलवून नाही-नाही म्हटलं, तशा टाळ्या वाढल्या. एवढं खरं बोलून माणसाला शिक्षा मिळू नये, ही कसली पद्धत?

"विनीतराव," सुमतीताई म्हणाल्या, "नम्रता पुरे. आता वरच्या मजल्याचं. तिथे चारही बाजूंनी काच घ्यायचं ठरलंय. कोन हाच सत्तर ठेवायचा, की अजून थोडा वाकवायचा? सगळ्यांसमोर सांगून टाका."

"एक मिनिट," चौथ्या रांगेतून आवाज आला.

ऐश्वर्या उठली होती. काचेखाली, कंबरेत वाकून, दोन्ही हात टेबलावर रोवून. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं की बायको नवऱ्याला भर सभेत नमस्कार करतेय, आणि पाहुण्यांना तसं वाटलंही. त्यांनी हात जोडले.

"कोन-बिन नंतर," ती म्हणाली. "भिंत चुकली, ठीक आहे. चुकते माणसाकडून. येत नव्हतं, तेही ठीक आहे. मला तरी कुठे सगळं येतं? पण त्या दिवशी मी तुझा हात धरून माझ्या टेंगळावर ठेवला होता, विनीत. तेव्हा तू सरांचं नाव सांगितलंस. मला. घरी. तिथे तर कोणी टाळ्या वाजवणार नव्हतं, कोणी हसणारही नव्हतं. मग का?"

विनीतच्या हातात माइक होता आणि माइक चालू होता. त्याचा श्वास अख्ख्या अभ्यासिकेत ऐकू येत होता.

"बोल लवकर," ऐश्वर्या म्हणाली. "मला इथे सरळ उभं राहता येत नाही."